चाकरमानी निघाल्यानंतरचं वाय-फाय

मालवणजवळच्या एका वाडीत गणपतीतली दुपार. मागच्या पडवीत पातेली घासली जात होती, माटवीचा वास घरभर पसरला होता, आणि ओट्यावर बसलेली आजी संध्याकाळच्या भजनाआधी मोबाइलवर आरत्यांचं पान काढून ठेवत होती. पान उघडलं, दोन ओळी दिसल्या, आणि अख्खा पडदा पिवळा झाला. फोनमध्ये व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा, आणि खाली भलंमोठं हिरवं बटण. आजीने ते दाबलं. "माका वाटला, फुडची आरती आसतली," एवढंच ती म्हणाली. पुढचे दोन दिवस तिच्या फोनवर रमीची आमंत्रणं, झटपट कर्ज आणि पोट कमी करणारा चहा यांची रांग लागली. नातवंडांपैकी जो जवळ असेल तो बोटाने ते सारं बाजूला सारायचा आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये डोकं घालायचा. खटकलं ते आजीचं बटण दाबणं नाही. तिला मोबाइल शिकवताना याच घरातल्या कोणीतरी सांगितलं होतं की हिरवं म्हणजे फोन उचलायचा, लाल म्हणजे ठेवायचा. ती शिकवणुकीप्रमाणेच वागली. जाहिरात रचणाऱ्याला तेवढं ठाऊक होतं, घरातल्यांच्या मात्र लक्षात राहिलं नव्हतं.

अचानक उघडणारी जाहिरातीची खिडकी जन्माला आली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळावर. तिचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये एका लेखात त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू साधा होता. पानावर लोक काहीही लिहीत, जाहिरातदाराचं नाव त्या मजकुराला चिकटून दिसू नये म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत. माणूस कुठून आला, काय बघून गेला हे लक्षात ठेवणारी कुकी त्याआधीच, १९९४ मध्ये, नेटस्केपमध्ये आली होती. आज या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. पान उघडायला लागणाऱ्या क्षणभरात त्या जागेचा लिलाव होतो आणि बोली लावणाऱ्यांना फोनची थोडीफार ओळख पुरवली जाते. ती ओळख कोकणात बऱ्याचदा विनोदी असते. खेड्यातल्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, नोंदीत मुंबई-पुण्याचा दिसतो, त्यामुळे देवगडच्या आंब्याच्या बागेत बसलेल्या माणसाला पनवेलचे टू बीएचके फ्लॅट दाखवले जातात. पाळत आहे, पण ठिकाण चुकलेलं. हसू येतं, आणि हसून झाल्यावर लक्षात येतं की चुकलं फक्त ठिकाण. वय, सवयी, रात्री किती वाजता जाग येते, हे बहुधा बरोबर असणार.

हे सगळं घराच्या उंबऱ्यावरच अडवायचा मार्ग डीएनएसमधून जातो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली ही व्यवस्था नावावरून आकडी पत्ता सांगते. एसटी स्टँडवर उतरलेला पाहुणा पानपट्टीवर विचारतो, अमक्यांचं घर कुठे, आणि पानपट्टीवाला सांगतो की वरच्या वाडीत, विहिरीच्या डाव्या हाताला. समजा या पानपट्टीवाल्याला सांगून ठेवलं की ठरावीक नावं कोणी विचारली तर 'असं कोणी राहत नाही इथे' म्हणायचं. पाहुणा तिथल्या तिथे माघारी. पाय-होल किंवा ॲडगार्ड होम हे घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर चालणारे प्रोग्राम नेमकं हेच करतात. आरत्यांच्या पानाचं नाव विचारलं की खरा पत्ता देतात. त्याच पानाने मागवलेल्या जाहिरातीच्या सर्व्हरचं नाव आलं की शून्य-शून्य-शून्य-शून्य हा रिकामा पत्ता देतात. फोन ताटकळत नाही, कारण उत्तर लगेच मिळालेलं असतं. जाहिरात उतरतच नाही, म्हणून डोंगराआडच्या वाडीत, जिथे सिग्नलची एखादीच काडी असते, तिथे पान लवकर उघडतं. शहरातल्या माणसाला या फायद्याची किंमत कळत नाही.

पण या पहाऱ्याच्या मर्यादा आधी सांगायला हव्यात, नाहीतर माणूस आठ दिवसांत वैतागून सगळं काढून टाकतो. आजीच्या फोनवर रांग लागली होती ती नोटिफिकेशनची. हिरव्या बटणाने त्या पानाला परवानगी दिली आणि संदेश गुगलच्याच वाटेने येऊ लागले. ती वाट अडवली तर बाकी ॲप्सच्या सूचनाही बंद पडतील. त्याचा इलाज फोनवरच करावा लागतो. क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन. परवानगी मिळालेल्या पानांची यादी दिसते. ओळखीची नसतील ती सगळी काढायची आणि वरचा मुख्य खटकाही बंद करायचा, म्हणजे पुन्हा कोणी विचारणारच नाही. कुठलंही ॲप उघडलेलं नसताना पूर्ण पडद्याची जाहिरात येत असेल, तर दोष बहुधा एखाद्या टॉर्चच्या, क्लीनरच्या किंवा कीबोर्डच्या ॲपचा असतो. जाहिरात दिसत असतानाच अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबावं, कोणाचं चिन्ह वर आहे ते दिसतं. ते ॲप काढून टाकावं. यूट्यूबची जाहिरातही या मार्गाने थांबत नाही, कारण ती व्हिडिओ ज्या नावांवरून येतो त्याच नावांवरून येते. नाव अडवलं तर व्हिडिओही अडतो. पाय-होल बसवलं की यूट्यूबच्या जाहिराती जातात असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने ते स्वतः वापरलेलं नसतं.

आता खरा प्रश्न, जो कोकणातल्या घरांना शहरातल्या घरांपेक्षा वेगळा पडतो. हे बसवणार कोण आणि सांभाळणार कोण? बसवतो तो डोंबिवलीहून आलेला चाकरमानी, गणपतीच्या पाच दिवसांत, दोन आरत्यांच्या मधल्या वेळात. सांभाळायला उरतात सत्तरीतली आई-बाबा. म्हणून ज्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी, तो उपाय आधी बघावा. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाची सोय आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ती सापडते. तिथे ऑटोमॅटिकऐवजी होस्टनेमचा पर्याय निवडून 'डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम' हे नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायचं. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, आणि मोबाइल डेटावरही चालतं. उणीव एकच, पण मोठी. तो सर्व्हर हाताशी आला नाही तर फोन दुसरीकडे विचारत नाही, नेट पूर्ण थांबतं. रेल्वे स्टेशनवरच्या किंवा लॉजच्या वाय-फायचं लॉगिनचं पान उघडत नाही तेही बऱ्याचदा यामुळेच. तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिक करायचं, लॉगिन करायचं, परत आणायचं. एवढं आईला करून दाखवावं, आणि मग तिच्याच बोटाने एकदा करून घ्यावं.

बघणं आणि करणं यात फोनच्या बाबतीत फार अंतर असतं.

टीव्ही, टॅबलेट, आलेगेलेले सगळे एका फटक्यात झाकायचे असतील तर राउटरमध्ये हात घालावा लागतो. त्याआधी राउटरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, आणि मागचं रीसेटचं बारीक भोक कोणी दाबणार नाही याची खबरदारी घ्यावी. गावच्या केबलवाल्याने दिलेल्या फायबरला बऱ्याच ठिकाणी पीपीपीओईचं, म्हणजे सेवादात्याशी जोडणी करून देणारं, नाव-पासवर्ड भरलेलं असतं. रीसेटने ते पुसलं गेलं की त्याचा माणूस येईपर्यंत घर नेटविना, आणि गणपतीत तो माणूसही कुणाच्या तरी भजनात असतो. ॲडगार्डच्या जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचे पत्ते ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ असे आहेत. लॅनमधल्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, डीएचसीपी नावाच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन्ही रकान्यांत हेच टाकायचे. दुसऱ्या रकान्यात 'असू दे जोडीला' म्हणून गुगलचा चार आठांचा पत्ता टाकणारे पुष्कळ भेटतात. सेकंडरी म्हणजे पहिला बंद पडल्यावरचा असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात फोन मनाला येईल तेव्हा दोघांपैकी कोणालाही विचारतो, आणि निम्म्या जाहिराती पुन्हा घरात येतात. दुसरी गळती आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांची. राउटर त्या वाटेने सेवादात्याचा डीएनएस स्वतंत्रपणे जाहीर करत असतो, त्यामुळे आयपीव्ही४ची सेटिंग अचूक असूनही काहीच अडत नाही. तिथले पत्तेही बदलावेत, नाहीतर लॅनवर त्या डीएनएसची ही घोषणा बंद करावी. आणि बदल केल्यावर फोनचं वाय-फाय बंद करून चालू करावं, कारण जुना पत्ता फोनने मुदतीपर्यंत धरून ठेवलेला असतो.

काही सेवादात्यांनी दिलेल्या राउटरच्या डब्यात डीएनएसचा रकाना कुलूपबंद असतो. तिथे डब्याचं डीएचसीपी बंद करून ते काम घरातल्या दुसऱ्या यंत्राकडे द्यावं लागतं, आणि इथे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक येतो (पुढे नुसता 'पाय'). झीरो २ डब्ल्यू हे ५१२ एमबीचं बारकं मॉडेल पाय-होलला पुरेसं आहे. मात्र त्याला नेटवर्क केबलचं तोंड नाही, त्यासाठी वेगळा यूएसबी ॲडाप्टर जोडावा. वाय-फायवरून डीएनएस चालवला तर जांभ्या दगडाच्या जाड भिंती दर दहा मिनिटांनी आपलं अस्तित्व दाखवतात. मेमरी कार्ड ३२ जीबीचं, कॅमेऱ्यासाठी मिळतं तसं हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सतत लिहिणं सोसणारं, घ्यावं. पाय-होल प्रत्येक चौकशीची नोंद डेटाबेसमध्ये लिहीत राहतं, आणि लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची फाइल अर्धवट राहते. पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते हे कोकणात कोणाला सांगायला नको. त्यामुळे नोंदींची मुदत आठवड्यावर आणावी, आणि डेटाबेसमध्ये लिहिण्याचं अंतर मिनिटावरून तासावर न्यावं.

राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यायचा तर ५ व्होल्टचं यूएसबी तोंड असलेला घ्यावा, म्हणजे पायही त्यावरच चालेल. आत चार सेल असतात. प्रत्येकी २,००० एमएएच धरले तर ३.७ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे सुमारे ३० वॉट-अवर. पैकी पंधरा टक्के मध्येच वाया जातात. राउटर आणि फायबरचा डबा मिळून ९ वॉट खात असतील तर पावणेतीन तास मिळतात. ३ वॉट खाणारा पाय ४ जोडला तर जेमतेम दोन तास. खोक्यावरच्या आठ तासांवर भरवसा ठेवू नये. केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी आधी संपली तर आपल्या यूपीएसला तसाही अर्थ उरत नाही. जागाही विचार करून निवडावी. राउटरची ऊब मुंग्यांना आणि पालींना आवडते, आणि खारा वारा तांब्याच्या पिना हिरव्या करतो. समुद्राकडच्या खिडकीत ठेवलेली यूएसबीची पिन दोन पावसाळ्यांत दगा देते. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून उंच, कौलाच्या गळतीखाली नाही अशी जागा हवी. खोकं पूर्ण बंद केलं तर उष्णता कोंडते, उघडं ठेवलं तर जीवजंतू आत शिरतात. जाळी लावलेल्या भोकांवरच समाधान मानावं लागतं.

बंद घराची गोष्ट मात्र निराळी, आणि पुण्या-मुंबईत लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शनात ती सापडत नाही. अनंत चतुर्दशीनंतर मेन स्विच पाडून कुलूप लागतं ते थेट शिमग्याला उघडतं. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत घड्याळाला जगवणारा सेल नसतो. बंद होताना जी वेळ होती ती तो जपून ठेवतो आणि सुरू होताना तिथूनच मोजायला लागतो. बाहेर पालखी नाचत असते, पायच्या हिशेबी अजून गणपतीच चालू असतात. यात काय बिघडतं? पाय बाहेरच्या ज्या डीएनएस सर्व्हरला विचारतो त्याच्याशी बोलणं एन्क्रिप्टेड ठेवलेलं असेल तर त्याचं ओळखीचं प्रमाणपत्र मधल्या महिन्यांत नवं झालेलं असतं; पाय बघतो की हे प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचं आहे, आणि नाकारतो. डीएनएसचं उत्तर खरं आहे हे पटवणाऱ्या डीएनएससेकच्या सह्यांचंही तेच. बरं, घड्याळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरला विचारावं, तर त्याचं नाव सोडवायला डीएनएस हवा, आणि डीएनएस चालायला घड्याळ हवं. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, आणि घर उघडायला आलेला माणूस केबलवाल्याला शिव्या घालतो. उपाय दोन. घड्याळ जुळवणाऱ्या टाइमसिंकडी या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये वेळेच्या सर्व्हरचा पत्ता नावाने न देता आकड्यांत द्यायचा, गुगलचा २१६.२३९.३५.० चालतो. नाहीतर डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावायचं. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालू नये, तो चार्ज करण्यासाठी नसतोच. चार्ज होणारा एलआयआर२०३२ घालावा किंवा त्या सर्किटचा रोधक काढून टाकावा.

कोणती नावं अडवायची हे सांगणाऱ्या याद्यांच्या बाबतीत हावरटपणा नडतो. पाय-होलसोबत स्टीव्हनब्लॅकची यादी येते, तीवर ओआयएसडी किंवा हागेझीची 'नॉर्मल' किंवा 'प्रो' एवढं पुष्कळ झालं. 'अल्टिमेट' लावून घर सोडून जाऊ नये. याद्या दर रविवारी पहाटे आपोआप नव्या होतात. त्या वेळी वीज नसेल तर तो आठवडा हुकतो, तेव्हा नव्या घोटाळेबाज नावांबाबत थोडं मागे राहणं गृहीत धरावं. आणि काही गोष्टी मोडणारच. शोधाच्या पानावर सगळ्यात वर येणाऱ्या 'प्रायोजित' दुव्यांवर बोट ठेवलं की कोरं पान येतं, कारण तो दुवा जाहिरात मोजणाऱ्या सर्व्हरवरून फिरून जातो. तारकर्लीत किंवा गुहागरात ज्यांनी स्वतःच्या खोल्यांची जाहिरात गुगलवर लावली आहे, ते आपल्याच वाय-फायवर ती दाबून बघतात आणि पैसे पाण्यात गेले म्हणून कपाळाला हात लावतात. मे महिन्यात आलेल्या मुलांच्या खेळात जाहिरात बघितल्यावर मिळणारा जादा जीव मिळत नाही. रुसवे होतात, आणि सारी वाडी ऐकते. काही टीव्ही तर राउटरने दिलेला डीएनएस मानतच नाहीत, थेट गुगलला विचारतात. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असलेल्या राउटरवर ५३ क्रमांकाच्या पोर्टची, म्हणजे डीएनएसच्या चौकशांची, सगळी वाहतूक पायकडे वळवली की तेही ताळ्यावर येतात.

इथवरचं सगळं हाताने जमतं. ज्यावर हात चालत नाही अशी बाब वेगळी आहे. घराचा डीएनएस ज्याच्या ताब्यात, त्याला घरातला कोणता फोन रात्री दीड वाजता कोणत्या नावांची चौकशी करत होता हे दिसतं. पानातला मजकूर दिसत नाही, पण नाव पुरेसं बोलकं असतं. एखाद्या आजाराचं, कर्जाच्या ॲपचं, नोकरीच्या शोधाचं, लग्न जुळवणाऱ्या संस्थेचं. जाहिरातवाल्यांची पाळत हटवायला बसवलेल्या यंत्राने घरातल्या कर्त्या मुलाला डोंबिवलीत बसून बापाच्या फोनची नोंद वाचता येते, आणि ती वाचावीशी वाटणार नाही याची हमी कोण देणार? काळजी आणि चौकशी यांच्यातली रेघ गावच्या घरांत आधीच पुसट असते. पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या आहेत. तीनवर ठेवलं की कोणी काय विचारलं याची नोंद राहत नाही, फक्त एकूण आकडे उरतात. बसवताना दोन दिवस शून्यावर ठेवावं, काय मोडतंय ते बघावं, मग तीनवर न्यावं आणि जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी तर पाहुण्यांसाठी हे केलंच पाहिजे, आणि इथल्या वाय-फायवर जाहिराती अडवल्या जातात अशी एक ओळ पासवर्डच्या कागदावर लिहिली पाहिजे. नकार घराच्या वतीने देतो आहोत, तर घरात असलेल्याला तो कळायला नको का?

दुसरी टोचणी छोट्या मराठी संकेतस्थळांची. जिल्ह्याच्या बातम्या, भरती-ओहोटीच्या वेळा, पाककृती लिहिणारी माणसं पुष्कळदा एकट्याने हे चालवतात आणि जाहिरातीच्या चार पैशांवर सर्व्हरचं भाडं भागवतात. यादीला त्यांच्यात आणि व्हायरसच्या पिवळ्या पडद्यात फरक कळत नाही, कारण दोघंही जाहिराती त्याच मोठ्या दुकानांतून घेतात. एखादं पान परवानगीच्या यादीत टाकून हा प्रश्न सुटत नाही. त्या पानाचं नाव अडवलेलं नसतंच, अडवलेलं असतं ते जाहिरात कंपनीचं, आणि ते मोकळं केलं की सगळ्या पानांसाठी मोकळं होतं. पानापुरती सूट फक्त ब्राउझरमधल्या अडवणाऱ्या साधनात देता येते. तोडगा अर्धाच आहे. ज्यांचं लेखन रोज वाचतो त्यांना थेट पैसे पाठवायची सोय असेल तर पाठवावेत. नसेल तर मनाला लागतं, आणि तरीही आजीच्या फोनवरचा पहारा काढावासा वाटत नाही.

निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरून झाल्यावर, एक कागद करावा. कोकणकन्या पकडायच्या गडबडीत हाच राहून जातो. नेट गेलं तर आधी ब्राउझरमध्ये १.१.१.१ हे आकडे टाकून बघायचे. पान उघडलं, किंवा आकड्यांच्या जागी अक्षरी नाव येऊन अडलं, तर फायबर ठीक आहे आणि पाय बंद पडला आहे. यातलं काहीच झालं नाही तर केबलवाल्याला फोन. पाय बंद पडला असेल तर त्याची पिन काढून दहा मोजून परत लावायची आणि पाच मिनिटं थांबायचं. तरीही चाललं नाही, तर शेजारच्या मुलाला बोलावून फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी 'स्टॅटिक' करून पत्ता, गेटवे आणि डीएनएस हाताने भरायचे, म्हणजे मुंबईहून कोणी येईपर्यंत घर अडणार नाही. भरायचे सगळे आकडे कागदावरच लिहून द्यावेत, राउटरच्या पासवर्डसकट, आणि ज्या फोनवर हे करायचं त्याचं नावही. कागद पेन्सिलीने लिहावा, आषाढातल्या हवेत शाई पसरते, आणि दुधाच्या पिशवीत घालून राउटरच्या वरच्या भिंतीवर टाचणीने लावावा. चिकटपट्टी पहिल्या पावसातच सुटते.